शेपटीकडचे चौदा रिव्हेट

पहाटे ४.१५

आमच्या घरात गजर लावत नाहीत. बाचा खोकला सुरू झाला की सव्वाचार वाजले. राजुऱ्यात आसिफाबाद रस्त्याला पुढे गॅरेज, मागे घर. मी चहा टाकेपर्यंत बा पुढे गेलेला असतो. काल रात्री कोळसा खाणीवरचा एक टिपर येऊन जॅकवर चढलाय, चेसिसला मागच्या अंगाला तडा आहे. वेल्डिंग आता पोरं करतात. बा पंच्याहत्तरीचा झाला, हात थरथरतो, पण शेवटचं काम अजून त्याचंच. जोड थंड झाला की तो हातोडी आणि पंच घेऊन खाली सरकतो आणि शेजारच्या पट्टीवर ठोके मारतो: आपल्या नावाचं पहिलं अक्षर, महिना, वर्ष. ड्रायव्हर लोक हसायचे. "काय जी, ट्रकले गोंदून रायले का?" बा म्हणायचा, "पुढच्यानं खोललं त शिव्या कोणाले द्यायच्या ते त्याले समजलं पायजे."

माझं काम विमानांचं. लायसन्स बी-१.२, म्हणजे पिस्टन इंजिनाची छोटी विमानं. गावातले लोक मला विमानाचा मिस्त्री म्हणतात आणि ते बरोबरच आहे. आज विमान दुरुस्त करायचं नाही, विकत घेण्याआधी तपासायचंय. असली तपासणी कायद्यानं कुणावर बंधनकारक नाही. ज्याचे पैसे जाणार त्यानं आपल्या समाधानासाठी माणूस न्यायचा, इतकंच.

पिशवी रात्रीच भरलेली: दोन टॉर्च, दांड्याचा आरसा, बोरोस्कोप, दहापट भिंग, डायल गेज, कंप्रेशन तपासायचा संच, तीस मीटरची टेप, आणि गवंड्याकडून आणलेला ओळंबा. ओळंब्याला हँगरमधली नवी पोरं हसतात. दुपारपर्यंत हसणं थांबतं.

"आज कोणतं?" बानं विचारलं.

"सेसना १७२."

"मार खाल्लेलं?"

"कागदावर एक मार आहे. बाकी बघतो."

"कागदावर आहे तो मार कायचा," म्हणत बा टिपरखाली गेला.

पहाटे ५.१०

वर्धेचा पूल. पावसाळ्यात हा पाण्याखाली गेला की राजुरा आणि बल्लारपूर दोन देश होतात. आता कार्तिक, नदीवर नुसतं धुकं. बल्लारपूरला काचा बंद ठेवल्या तरी पेपर मिलचा वास आत येतोच. चंद्रपुरात औष्णिक केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले. ते दिवे विमानांना सावध करायला असतात, हे आमच्याकडे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण विमानच क्वचित दिसतं. भद्रावतीच्या वाटेवर मोरव्याची धावपट्टी मागे पडली. आमच्याच तालुक्यात मूर्ती-विहीरगावला मोठा विमानतळ होणार, हे कैक वर्षं ऐकतोय. जागेत जंगल, जंगलातून वाघांची वाट, म्हणून कागद फिरताहेत. तोवर राजुऱ्याच्या माणसाला विमानाला हात लावायचा तर गाडी काढावीच लागते.

आज कुठे चाललोय ते सांगत नाही. तीन तासांची वाट आहे आणि विकणारी संस्था काही लुटारू नाही, एवढं पुरे.

सकाळी ८.१०

हँगर. विमान अर्धं बाहेर काढून ठेवलंय. पांढरं, निळा पट्टा, पंख वर, अकरा मीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार माणसं बसतात. १९५६ पासून बाजारात असलेलं हे मॉडेल ४० हजारांहून जास्त बनलं, इतकं दुसरं कुठलं विमान बनलेलं नाही. जगातले किती वैमानिक पहिल्यांदा यातच घाबरले असतील.

विकत घेणाऱ्या प्रशिक्षण संस्थेचे चिटणीस आधीच आलेत. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही. साहेबांच्या हातात विमानाची एक पानी माहिती. २००६ ची बनावट, १७२ आर, साडेसहा हजार तास. खाली एक ओळ: २०१३ साली उतरताना नाकाच्या चाकाला मार, दुरुस्ती पूर्ण. साहेबांचा चेहरा लग्नाच्या मुलीचं आधी एक मोडलंय हे कळलेल्या काकांसारखा.

"भाव बरा पाडून मिळतोय," ते हळूच म्हणाले, "पण मार खाल्लेलं म्हणजे... पोरं बसणार आहेत यात."

परदेशी जाहिरातींत 'एनडीएच' अशी तीन अक्षरं असतात, 'नो डॅमेज हिस्टरी'. ती असली की किंमत चढते. मी साहेबांना एवढंच म्हटलं, की ही अक्षरं जाहिरात देणारा लिहितो, विमान नाही.

सकाळी ८.३०

आधी कागद. विमानाच्या अंगाला हात लावण्याआधी दीड तास मी नुसता वाचत बसतो आणि लोकांना वाटतं मी वेळ काढतोय.

लॉगबुकं तीन. एक सांगाड्याचं, एक इंजिनाचं, एक पंख्याचं, म्हणजे प्रॉपेलरचं. तीन असण्याला कारण आहे. इंजिन एका विमानातून दुसऱ्यात जातं, पंखाही जातो, आणि प्रत्येकानं आपली कुंडली सोबत न्यायची असते. म्हणून पहिलं काम, पाट्यांवरचे सिरियल नंबर वहीशी जुळतात का ते बघणं. इंजिन जुळलं. पंख्याच्या बॉसवर ठोकलेला नंबर जुळला.

मग तारखा. मी बोटानं तास वाचत जातो. पन्नास तासांची तपासणी, शंभर तासांची, वार्षिक एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट. पान कोरं राहिलं की थांबायचं. मालक तीन झाले. साहेब म्हणाले, "तीन मालक जास्त नाहीत का?" मी म्हटलं, आमच्या राजुऱ्याचा विचार करा. निजामाच्या हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्हा, १९५६ ला नांदेड, १९५९ ला चांदा. मालक बदलल्यानं गाव खराब होत नाही, दप्तर हरवलं की होतं. साहेब पहिल्यांदा हसले.

२०१३ ची नोंद सापडली. एकट्यानं उडणारा विद्यार्थी. चाकं टेकली, विमान उसळलं, त्यानं घाबरून दांडा पुढे ढकलला, दुसऱ्यांदा आधी नाकाचं चाक टेकलं. पंख्याची पाती जमिनीला लागली. विद्यार्थी चालत बाहेर आला. छोट्या विमानांच्या अपघातांत हा प्रकार इतका नेहमीचा, की वाचताना कुठल्या ओळीनंतर काय येणार ते मला पाठ आहे. पुढे पाच पानं दुरुस्ती. कोणता भाग काढला, कोणता नवा बसवला, त्याचा पार्ट नंबर, सोबत आलेलं रिलीज सर्टिफिकेट, कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या प्रकरणाप्रमाणे काम केलं, आणि शेवटी इंजिनिअरची सही, लायसन्स नंबर, तारीख. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. मला हा माणूस आवडला. भेटलेलो नाही, पण ज्यानं बोल्टचा टॉर्कही लिहून ठेवलाय तो घाईत काम करणारा नव्हे.

साहेबांना मी एक जुनी गोष्ट सांगितली. सेसना कंपनीनं १९८६ साली असली छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं होतं. एक मोठं कारण कोर्टातले दावे. तीस वर्षं जुनं विमान पडलं तरी बनवणाऱ्यावर खटला. मग १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला: लहान विमानाला १८ वर्षं झाली, की त्याच्या दोषासाठी सहसा बनवणाऱ्याला कोर्टात ओढता येणार नाही. त्यानंतर कारखाना पुन्हा सुरू झाला. हिशेब करा, २००६ अधिक १८. तो कायदा तिकडचा आहे, आपल्याला लागू नाही, पण त्यातली गोष्ट खरी आहे. एवढ्या वयाच्या विमानाला बनवणारा कोण होता यापेक्षा मधल्या काळात सांधणारे कोण होते, हे जास्त महत्त्वाचं. आपण विमान विकत घेत नाही साहेब, या सह्या विकत घेतो.

सकाळी १०.१५

आता नाक. खालची काऊलिंग उतरवली. नाकाच्या चाकाचा दांडा फायरवॉलच्या खालच्या भागाला धरलेला असतो. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि माणसांच्या पायांमधली पत्र्याची भिंत. नाक आपटलं की चाक वाचतं, दांडा वाचतो आणि भिंतीला सुरकुती पडते, पायरीवर बसलेल्या म्हातारीच्या लुगड्यासारखी. वरून काही दिसत नाही. खाली आडवं होऊन टॉर्च पत्र्याला समांतर धरायची. उजेड समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. तिरका मारला की प्रत्येक घडीची सावली पडते. ही युक्ती मला कुठल्या कोर्समध्ये नाही, बाकडून मिळाली. अपघातातल्या ट्रकचं दार नवं रंगवून आणलं की तो संध्याकाळच्या उन्हाची वाट बघायचा.

सुरकुती नाही. भिंत नवी आहे, रिव्हेटांच्या रांगा सरळ, पत्र्यांच्या कडांना सीलंट नीट. मागचा तळाचा पत्रा सपाट. आत बसून पायांचे पेडल दाबले, बाहेरच्या पोराला चाक बघायला सांगितलं. कुठे अडकणं नाही. २०१३ चं काम वहीत जसं आहे तसंच धातूवर आहे. एवढं जुळलं, की मला या दुखण्याची भीती उरत नाही. हाड मोडून नीट बसलं तर माणूस पुन्हा नांगर धरतो.

सकाळी ११.२०

पाती आपटलेल्या विमानात खरा प्रश्न पंख्याचा नसतो. पंखा दिसतो, बदलतात. प्रश्न इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो. क्रँकशाफ्टच्या मागे एक गिअर आहे, एका बोल्टनं आणि करंगळीच्या नखाएवढ्या डॉवेल पिननं धरलेला. कॅमशाफ्ट, ठिणगी देणारे मॅग्नेटो, तेलाचा पंप, सगळं त्याच्या जिवावर फिरतं. पातं जमिनीला लागून इंजिन एकदम अडलं, की तो हिसका शाफ्टमधून थेट त्या बोल्टपर्यंत जातो. बोल्ट दुखावून तसाच राहिला तर इंजिन चालू होईल, गोड आवाज करेल, विमान उडेलही. आणि एक दिवस हवेत सगळं एकदम थांबेल. म्हणून अमेरिकेच्या एफएएनं २००४ साली आदेश काढला, की लायकमिंग इंजिनाच्या पंख्याला असा मार बसला तर तो गिअर आणि बोल्ट उघडून बघायचाच. पातं वाकलं पण इंजिन बंद होतं, ही सबबही चालत नाही.

इंजिनाच्या वहीत ते सापडलं. इंजिन उतरवून ओव्हरहॉल शॉपला पाठवलेलं, शाफ्टची चुंबकीय तपासणी, नवा बोल्ट, आदेशाचा क्रमांक. सगळं आहे.

तरी आपलं आपण बघायचं. विमान उन्हात नेऊन इंजिन चालवलं. १८०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद केला. एकावर ९० फेऱ्या उतरल्या, दुसऱ्यावर ११०. दीडशेपर्यंत चालतं आणि दोघांत पन्नासपेक्षा जास्त फरक नको. मग इंजिन गरम असतानाच कंप्रेशन. सिलिंडरमध्ये ८० च्या दाबानं हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं: ७४, ७६, ७१, ७५. तिसऱ्याला कान लावला. एक्झॉस्टच्या नळीतून हलका फूत्कार. व्हॉल्व्ह बसायला आळस करतोय, आजार नाही. तेलाचा फिल्टर कापून घडी उलगडली, चिमूटभरही चमक नाही.

साहेब एव्हाना मोकळे झाले होते. विकणाऱ्यांच्या व्यवस्थापकानं चहा मागवला. सगळ्यांना वाटलं, झालं.

दुपारी १.१०

डबा. पोळी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. हँगरमध्ये पंचवीस वर्षं काम केलेले एक मामा आहेत, विमानं ढकलणं, पुसणं, पेट्रोल भरणं हे त्यांचं काम. ते बाहेर कडुनिंबाखाली खर्रा घोटत बसले होते. मी चटणी पुढे केली. त्यांनी गाव विचारलं. राजुरा म्हटल्यावर त्यांची बहीण गडचांदुरात दिली असल्याचं निघालं. विदर्भात दोन प्रश्नांत नातं निघतंच.

"सापडलं का काई?" त्यांनी सहज विचारलं.

"अजून नाही."

"हं," मामा म्हणाले आणि खर्रा तोंडात टाकला. त्या 'हं'ला मी तेव्हा काही लक्ष दिलं नाही.

दुपारी १.५०

आता मोजमाप. पंखाच्या टोकापासून शेपटीच्या ठरावीक खिळ्यापर्यंत टेप, डावीकडून आणि उजवीकडून. ओळंबा सोडून खडूनं जमिनीवर खुणा. सांगाडा पिळलेला असेल तर इथं कळतं. दोन्ही बाजूंत चार मिलिमीटरचा फरक, म्हणजे फरक नाही. पंखांखाली रिव्हेट बघत गेलो. ढिला रिव्हेट आपोआप चाडी करतो. तो पत्र्याला घासत राहतो, ॲल्युमिनियमची काळी भुकटी निघते आणि वाऱ्यानं मागे काजळाची रेघ ओढते. एकही रेघ नाही.

मग शेपटीखाली गेलो. इथं विमान बांधून ठेवायची एक कडी असते. कडी नवी होती. वीस वर्षांच्या विमानाला नवी कडी म्हणजे काहीच नाही; पण आजूबाजूचा पत्रा नखानं वाजवला तेव्हा आवाज बोथट आला. रंग तिथं थोडा जाड होता.

दुपारी २.३०

साहेबांची परवानगी घेतली, विकणाऱ्यांचीही, आणि कापसावर रंग उतरवायचं औषध घेऊन तळहाताएवढी जागा मोकळी केली. खाली पट्टी निघाली. पट्टीच्या कडेनं चौदा रिव्हेट.

भिंग लावलं. विमानाच्या पत्र्याला जो नेहमीचा रिव्हेट लागतो त्याच्या डोक्याच्या मधोमध एक खळगा असतो, मोहरी रुतवून काढावी एवढा. तो खळगा म्हणजे त्या मिश्रधातूचं नाव. शेजारच्या मूळ रांगेत प्रत्येक डोक्यावर खळगा होता. या चौदांवर नव्हता. डोकी गुळगुळीत. म्हणजे मऊ, शुद्ध ॲल्युमिनियमचे रिव्हेट, जे पाट्या, खोकी, सजावट यांना लागतात. त्यांची कातर सोसायची ताकद दुसऱ्यांच्या जेमतेम एक तृतीयांश. ठोकायला मात्र फार सोपे, दोन फटक्यांत बसतात.

पट्टीची कड मोजली. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या निदान दुप्पट अंतर लागतं. सव्वातीन मिलिमीटरचा रिव्हेट, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. इथं कुठे चार, कुठे साडेचार. मागची छोटी झडप उघडून आरसा आत घातला. आतला सगळा पत्रा प्रायमरनं हिरवट, आणि त्यात ही एक पट्टी उघडी, नागडी चंदेरी. तिच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली. गंज.

तिन्ही लॉगबुकं पुन्हा काढली. शेपटी, कडी, पत्रा, काही नाही. एक ओळ नाही.

दुपारी ३.१५

व्यवस्थापक म्हणाले, आमच्या काळातलं नाही. असेलही. साहेबांचा चेहरा सकाळच्यापेक्षा उतरला. त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रीचं वादळ, शेपटी आपटत उतरणारं विमान, असलं काहीतरी होतं. मी बाहेर कडुनिंबाखाली गेलो.

मामांनी जरा वेळ घेतला. "तुमच्या पयलेच्या मालकापासून मी हावो इथं," ते म्हणाले. "पावसाळा होता. ट्रॅक्टरनं मांगं घेत होतो. दरवाज्याचा अँगल लागला न शेपटीले. इतलुसा फाटला." त्यांनी बोटांनी वीतभर दाखवलं. "इंजिनिअर सायब सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा होती उडायची. गावातून पत्र्यावाला आणला एक. त्यानं पट्टी मारली. मंग रंगवलं."

"लिहिलं नाही?"

"अपघात कुठं झाला होता जी? उडत थोडी होतं."

त्यांच्या सुरात लपवाछपवी नव्हती. मामांच्या लेखी अपघात म्हणजे हवेतला. हँगरमधला धक्का म्हणजे म्हशीचं शिंग गोठ्याच्या दाराला लागणं. आणि हेच मी कितीदा पाहिलंय. मोठा मार सगळ्यांना दिसतो, चौकशी होते, कागद होतात, चांगला इंजिनिअर बसतो आणि काम चोख होतं. छोटा मार कुणाला मोठा वाटत नाही, म्हणून तो पत्र्यावाल्याच्या वाट्याला जातो. साहेब सकाळपासून २०१३ ला घाबरत होते. घाबरायची जागा विमानाच्या दुसऱ्या टोकाला होती.

दुपारी ४.००

एक नोंद गायब सापडली की बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही थोडा उतरतो. म्हणून मी परत पहिल्यापासून फिरलो. पंखांची टोकं, आडव्या शेपटीची कड, दारांच्या बिजागऱ्या, सीटच्या पट्ट्या, केबल जिथं चाकांवरून वळतात त्या जागा. पोरं विमान वळवायला शेपटी खाली दाबून नाक उचलतात. तसं करू नये असं सांगून सांगून लोक थकले, म्हणून आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारच्या मध्याकडे बोरोस्कोपनं दहा मिनिटं बघितलं. तडा नाही. या तासात नवं काही सापडलं नाही, आणि न सापडण्यासाठीच हा तास होता.

सायंकाळी ५.१५

हँगरमध्ये दिवे लागले. चार खुर्च्या, मध्ये टूल ट्रॉली, तिच्यावर लॉगबुकं.

मी सांगितलं: विमान घेण्यासारखं आहे. पण ती पट्टी निघाली पाहिजे, खालचा पत्रा कापून मागचा बल्कहेड उघडा बघितला पाहिजे, गंज किती आत गेलाय ते मोजलं पाहिजे, आणि मॅन्युअलप्रमाणे नवा पत्रा, खळग्याचे रिव्हेट. मान्यता असलेल्या संस्थेकडून, रिलीज सर्टिफिकेटसह. खर्च फार नाही. आणि लॉगबुकमध्ये पूर्ण लिहायचं: हँगरमध्ये दरवाज्याला लागून शेपटीला इजा, आधी नोंद न करता तात्पुरती दुरुस्ती झालेली, आज आढळली.

व्यवस्थापकांना खर्चाचं काही वाटलं नाही, ओळीचं वाटलं. "अहो, ही ओळ पडली की विमानावर दुसरा डाग पडला. एक होता तो सगळ्यांना ठाऊक. असं करू, काम नीट करून देतो, आणि नोंद त्या वेळच्या तारखेनं घेऊ. मधे जागा आहे पानात. दिसायला सरळ दिसेल. तुमचंही काम सोपं."

पानात खरंच जागा होती. दोन ओळींची. कुणीतरी अशा दिवसासाठीच सोडावी तशी.

साहेब माझ्याकडे बघत होते. मला सकाळचं ते बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर आठवलं. त्या माणसानं पाच पानं लिहिली म्हणून मी आज बारा वर्षांनंतर नाकाच्या चाकाखाली निर्धास्त आडवा झालो. त्या पानांमध्ये एक खोटी तारीख घुसली, तर पुढचा मिस्त्री ती ओळखेल किंवा ओळखणार नाही. ओळखली तर तो त्या इंजिनिअरच्या सगळ्याच सह्यांवर शंका घेईल. नाही ओळखली तर त्याहून वाईट, कारण पट्टी इतकी वर्षं चुकीच्या रिव्हेटांवर उडाली, हे त्याला कळणारच नाही आणि गंज तो बघणारच नाही.

"मागची तारीख नको," मी म्हटलं. "डाग पडू द्या. किंमत तुम्ही दोघं बसून ठरवा, तो माझा विषय नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साहेबांनी लॉगबुक मिटलं. "आमच्याकडे पोरं दोनशे तास उडतात लायसन्ससाठी," ते म्हणाले. "डाग असलेलं चालेल मला. न लिहिलेलं नको." सकाळी भाव पाडायला आलेला माणूस हे बोलला, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटली.

सायंकाळी ६.२०

अहवाल गाडीत बसूनच लिहिला, टॉर्चच्या उजेडात. एकवीस मुद्दे. अठरा हिरवे, दोन पिवळे, एक लाल. लालच्या पुढे चौदा रिव्हेटांचे फोटो, अंतराची मापं, आतल्या पट्टीचा आरशातून काढलेला फोटो. मामांचं नाव लिहिलं नाही. 'हँगरमधील माहितीनुसार' एवढंच. खाली सही, लायसन्स नंबर, तारीख.

निघताना मामांनी काचेवर टकटक केली. "विकलं जाईल का जी ते?"

"जाईल बहुतेक. शेपूट नीट करून."

"बरं झालं," ते म्हणाले. "दर वेळी पोरगं उडालं का मी शेपटीकडं पायत बसतो."

रात्री ९.५०

पुलावर वाहतूक, कोळशाच्या गाड्यांची रांग. राजुऱ्यात शिरलो तर आमच्या गॅरेजचा दिवा चालूच. टिपर अजून जॅकवर, पण तडा सांधलेला, जोडावरचा काळा थर पोरांनी ब्रशनं काढलेला. बा खाली आडवा. मी पिशवी ठेवली आणि न सांगता टॉर्च धरली, तिरकी.

"घेतलं का त्यायनं?"

"घेतील. शेपटीला एक न लिहिलेलं ठिगळ निघालं. आता लिहायला लावलं."

बानं जोडावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबला, परत फिरवला, मान हलवली. मग विचारलं, "तारीख कोणती?"

"आजची."

त्यानं हात बाहेर काढला. मी पंच त्याच्या हातात दिला.